अध्यक्षांचं मनोगत, जसं ऐकू आलं

अमरावतीच्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आज हयात आहेत. तब्येत ठणठणीत आहे, आणि ती तशीच राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. मेलेल्या माणसाचा सूड घेता येत नाही, आणि आजारी माणसाचा घेतला तर लोक आपल्यालाच नावं ठेवतात.

माझे डोळे कॉलेजात असताना गेले. एकदम नाही. आधी संध्याकाळ गेली, मग फळ्यावरची अक्षरं, मग फळा. मराठीत एम.ए. मी ऐकून केलं. धाकटी बहीण मोठ्याने वाचायची आणि कंटाळली की पानं गाळायची, त्यामुळे काही जाडजूड कादंबऱ्यांविषयी माझं मत इतरांपेक्षा चांगलं आहे. प्राध्यापकीसाठी लागणारी पात्रता परीक्षाही पास झालो. नोकरी मात्र अकोल्याच्या एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची मिळाली. डोळे नाहीत तर कान असतील, कान असतील तर टेलिफोन, असा तो सरळ हिशोब होता. मी काय शिकलो याची त्यात कुणाला अडचण झाली नाही.

ती वर्षं वऱ्हाडात पाहुण्यांची होती. कापसाने माणसं मारायला सुरुवात केली होती आणि त्या बातमीपाठोपाठ दिल्ली-मुंबईहून पथकं येत होती. पाहणी व्हायची, बैठक व्हायची, फोटो निघायचे, गाड्या धूळ उडवत परत जायच्या. माझा फोन दिवसभर वाजायचा. खेड्यांतून माणसं विचारायची, पॅकेजात आमचं गाव बसते का, विहिरीचं काय झालं. मला वरून एकच उत्तर दिलेलं होतं: सगळी माहिती वेबसाइटवर आहे. मूर्तिजापूरकडच्या एका म्हाताऱ्याने ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं यष्टी जाते काय?" शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले. मला हसू आलं नाही. पुढे मलाही त्याच गावाला पाठवलं गेलं, आणि दोघांनाही तिथली गाडी ठाऊक नव्हती.

अमरावतीच्या त्या संस्थेच्या कॉलेजात मराठीची एक जागा अंधांसाठी राखीव आहे आणि ती लवकरच भरणार आहेत, असं माझ्या एका जुन्या सरांनी कळवलं. मला ती जागा हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं एकमेकांना जोडून द्यायचं, की स्वतः काही बोलायचं, एवढाच प्रश्न होता. मी कॉलेजात फोन केला. बाबू म्हणाले, जाहिरात वेबसाइटवर टाकू, तुम्ही पाहत राहा.

मी पाहत राहिलो, म्हणजे ऐकत राहिलो. माझ्या संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय आहे. तिचा आवाज चढत नाही की उतरत नाही. निधनवार्ता आणि लग्नाचं आमंत्रण ती एकाच सुरात वाचते. जे अक्षर आहे ते ती वाचते. जे चित्र आहे त्याचं कुणी आत वर्णन लिहून ठेवलं असेल तर ते वाचते, नसेल तर "ग्राफिक" म्हणून फाइलचं नाव सांगते आणि पुढे जाते. कॉलेजच्या साइटवर रोज मला हे ऐकू यायचं: "ग्राफिक, सत्कार दोन. ग्राफिक, सत्कार तीन. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. ग्राफिक, स्कॅन शून्य एक सात." कशासाठी क्लिक करायचं ते लिहिलेलं नसे. 'येथे' म्हणजे कुठे, हे मला तरी कोण दाखवणार? बाकी मजकूर सुरू झाला की नुसता कालवा. इंग्रजी अक्षरं, चिन्हं, ना अर्थ ना उच्चार. साइटचं काम अजून अर्धवट असेल, असं मी समजत होतो. ती ग्राफिकं म्हणजे अध्यक्षांचे सत्कार असणार, हेही मी समजत होतो, आणि एक वगळता ते बरोबरच होतं. पेपर वाचून दाखवायला घरी आई होती. बहीण लग्न होऊन परतवाड्याला गेली होती आणि आई फक्त निधनवार्ता वाचायची.

बरेच दिवस काही ऐकू आलं नाही म्हणून मी रजा काढून अमरावतीला गेलो. ऑफिसातले बाबू म्हणाले, जाहिरात येऊन गेली, मुदत संपली. वेबसाइटवर होती ना, सर. त्यांनी साइट उघडली आणि बहुतेक बोटाने दाखवलीही असावी, कारण ते म्हणाले, "हे काय, इथं." मी विचारलं, फाइलचं नाव काय आहे. ते थोडे चक्रावले, मग वाचून म्हणाले, "स्कॅन शून्य एक सात."

म्हणजे जाहिरात रोज माझ्या कानावरून जात होती. कागदावर टाइप करून, सही-शिक्का मारून, त्या कागदाचा फोटो काढून साइटवर चिकटवला होता. अंधांसाठी राखीव असलेल्या जागेची जाहिरात फक्त डोळ्यांनी वाचता येईल अशा रीतीने काढायची, ही कल्पना मुद्दाम बसून विचार करणाऱ्यालाही सुचली नसती.

मी अध्यक्षांना भेटायचं म्हटलं. त्यांनी बराच वेळ बसवून ठेवलं, पण भेटले. अत्तराचा वास होता, खुर्ची कुरकुरत होती. मी झालं ते सांगितलं.

"आम्ही तुमच्या लोकांसाठी सगळं केलं आहे," ते म्हणाले. "वर तीन अ दिलेत."

"तीन अ?"

"लहान अ, मधला अ, मोठा अ. मोठा अ दाबला की अक्षर मोठं होते."

मी म्हणालो, मला अजिबात दिसत नाही.

"हो ना," ते म्हणाले, "म्हणून तर मोठा ठेवला."

मी हे तसंच लिहितो आहे. यात भर घातली तर वाचणारा विश्वास ठेवणार नाही, आणि काही काढायला मन होत नाही. शेवटी त्यांनी मला धीरही दिला. राखीव जागा भरली नाही तर ती बुडत नाही, अनुशेषात जाते, पुढं कधीतरी निघेल. आमच्याकडे अनुशेष म्हटलं की सिंचनाचा. हा शब्द ऐकत ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. आता मीही त्यात जमा झालो होतो. तोवर त्या जागेवर तासाच्या हिशोबाने एक माणूस नेमला होता. तो त्यांचा भाचा निघाला. वर कळवलेला शेरा असा होता: पात्र अंध उमेदवार उपलब्ध झाला नाही.

त्या खोलीतून बाहेर पडताना मी ठरवलं की हे विसरायचं नाही. माफ करण्याविषयी मी बरंच वाचलेलं आहे. लिहिणाऱ्यांची नोकरी बहुतेक शाबूत असावी.

साइट कुणी बनवली ते बाबूंनी सांगितलं: लग्नपत्रिका छापणारा एक दुकानदार. मी ऑटो करून तिथे गेलो. दुकानात शाईचा वास आणि यंत्राचा खडखडाट. दुकानदार अमरावतीतल्या जुन्या छापखानेवाल्या मुसलमान घरातला. आजोबा उर्दू इश्तिहार छापायचे, हा मराठी पत्रिका छापतो. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्याने आधी चहा मागवला.

"मले काय मालूम, सर," तो म्हणाला, "मले वाटलं वेबसाइट पाहाची असते. ऐकाची असते हे कोणी सांगतलंच नाई."

मग त्याने जे समजावलं त्यातून कालव्याचा उलगडा झाला. त्याच्याकडचा फॉन्ट जुना, पत्रिकांचा. अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यांच्यावर मराठी अक्षराचं रूप चढवलेलं असतं. डोळ्याला मराठी दिसतं. यंत्र कपडे पाहत नाही, अंगच वाचतं. मी पिशवीतला माझा संगणक काढला, त्याला सगळी चिन्हंही वाचायला लावली, आणि आम्ही दोघांनी बसून मला ऐकू येणारं आणि त्याला दिसणारं ताडून पाहिलं. त्याला 'अमरावती' दिसत होती, मला 'वेज्कोर' ऐकू येत होतं. त्याची 'संस्था' माझ्याकडे 'लाल्फक' होती. आणि 'अध्यक्ष' या शब्दाशी आल्यावर यंत्र थांबून थांबून म्हणालं: "व्ही, स्लॅश, सेमिकोलन, लेफ्ट ब्रेस, के."

दुकानदार खुर्चीवरून खाली यायचा बाकी राहिला.

आता सगळीकडे चालतो तो नवा फॉन्ट लावला तर हे सगळं बरोबर वाचलं जाईल, हे त्याला ठाऊक होतं. तसं त्याने सुचवलंही होतं. पण अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका या अक्षरात झाली होती. तीच अक्षरं पाहिजेत, वेलांटीला तसाच झोक पाहिजे, असा त्यांचा हुकूम होता. "अध्यक्ष हा शब्द साध्या अक्षरात ते पाहूच शकत नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, मग राहू दे. तो म्हणाला, दुरुस्त करून देतो ना, सर, चोरून. मी म्हटलं, नको. अजिबात हात लावू नको.

त्यानंतर काही वर्षं गेली. मी अकोल्यात फोन जोडत राहिलो. मध्ये एकदा सरकारने शब्द बदलला आणि मी अपंगाचा दिव्यांग झालो. डोळ्यांना तेवढं कळवायचं राहून गेलं. अमरावतीची साइट मी अधूनमधून उघडून ऐकत असे, जसे लोक दूर ठेवलेल्या ठेवीची चौकशी करतात. सगळं जसंच्या तसं होतं.

मग कॉलेजच्या मूल्यांकनाचं वर्ष आलं. बाहेरून समिती येणार, कॉलेज पाहणार, श्रेणी देणार, आणि त्या श्रेणीवर संस्थेचं पुढचं अनुदान आणि अध्यक्षांची मान अवलंबून. समितीच्या यादीत यंदा एक नवा मुद्दा होता: वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते का? अध्यक्षांनी फोन केला. आवाजात तूप होतं. तुम्ही आमचे जुने हितचिंतक, ते म्हणाले. समितीसमोर आमच्या दिव्यांगस्नेही संकेतस्थळाचं लोकार्पण आहे, कळ तुमच्या हाताने दाबायची. मी विचारलं, साइटमध्ये काही बदल केला का. "मोठा अ आणखी मोठा केला," ते म्हणाले.

मी म्हणालो, येतो. नुसती कळ कशाला दाबू? माझा संगणक घेऊन येतो आणि साइट वाचूनच दाखवतो. समितीलाही ऐकू जाईल. ही कल्पना त्यांना फार आवडली.

सभागृह भरलं होतं. मुलांना सकाळपासून बसवलं होतं, हे खोकल्यांवरून कळत होतं. दीप लागला, स्वागतगीत झालं, शाल-श्रीफळ झालं, माझ्या हातात एक गुच्छ आला आणि कुणीतरी तो लगेच परत नेला. निवेदकाने मला 'अंधारातला दीपस्तंभ' म्हटलं. माझा संगणक सभागृहाच्या ध्वनिक्षेपकाला जोडायला तोच पत्रिकावाला आला होता. वायर जोडता जोडता त्याने कानाशी विचारलं, "पक्कं ना, सर?" मी म्हटलं, पक्कं.

एक गोष्ट सांगायला हवी. विरामचिन्हं वाचायची की गाळायची, हे यंत्रात ठरवता येतं. एरवी मी बरीचशी गाळतो. त्या दिवशी एकूण एक चालू ठेवली होती.

अध्यक्ष म्हणाले, आता आमचे मित्र आमचं मनोगत ऐकवतील. मी बटण दाबलं. तो सपाट आवाज सभागृहाच्या चारी भिंतींवरून म्हणाला: "लाल्फक. व्ही, स्लॅश, सेमिकोलन, लेफ्ट ब्रेस, के."

आधी कुणाला काही कळलं नाही. यंत्र पुढे गेलं. मनोगत लांब होतं आणि त्यात 'अध्यक्ष' हा शब्द जागोजाग होता, कारण अध्यक्ष स्वतःविषयी 'मी' असं लिहीत नसत. तिसऱ्यांदा सेमिकोलन आला तेव्हा मागच्या बाकांवरून एक हसू फुटलं. मग ते पुढे पुढे येत गेलं. 'शेतकरी बांधवांनो' असं जिथे होतं तिथे यंत्र के, एस, आर, डी, जे, एच असं काहीतरी म्हणालं. अध्यक्ष खालच्या आवाजात मला म्हणाले, "बंद करा ना." मी म्हणालो, "साहेब, अजून तुमच्या कार्याचा आढावा यायचा आहे."

समितीच्या प्रमुख एक बाई होत्या. आवाजावरून कडक वाटत होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय वाचतंय?"

"अध्यक्षांचं मनोगत, मॅडम," मी म्हणालो. "आम्हाला ते असंच ऐकू येतं."

"आणि सूचना, जाहिराती? त्या ऐकवा."

मी ते पान उघडलं. येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. मग आवाज म्हणाला, "ग्राफिक, स्कॅन शून्य एक सात." इतक्या वर्षांत कुणी ते काढलंही नव्हतं.

"यात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"मला कसं कळणार? तुम्हीच पाहून सांगा."

त्यांनी पाहिलं असावं. हसणं ओसरलं होतं आणि पंख्यांचा आवाज येत होता. त्यांनी ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली: मराठी विषय, सहायक प्राध्यापक, अंध प्रवर्गासाठी राखीव. तिथे त्या थांबल्या.

मी म्हणालो, "या जागेसाठी पात्र अंध उमेदवार मिळाला नाही, असं यांनी वर कळवलं आहे. मी तेव्हा रोज ही साइट ऐकत होतो."

अध्यक्ष काहीतरी म्हणायला उठले, पण माइकची वायर पत्रिकावाल्याच्या हातात होती आणि ती नेमकी तेव्हाच सैल झाली.

पुढे काय झालं ते एकदम झालं नाही, आपल्याकडे काहीच एकदम होत नाही. समितीने कडक शब्दांत लिहिलं आणि श्रेणी घसरली. मुलांनी अध्यक्षांचं नाव 'सेमिकोलन साहेब' ठेवलं आणि ते कॉलेजाच्या फाटकातून बाहेर पडून गावात गेलं. ऑटोवालेही आता त्याच नावाने पत्ता विचारतात, असं ऐकतो. भाच्याने तोवर परतवाड्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप घेतला होता, त्याला तास घेण्यात रस उरला नव्हता. अनुशेषातली जागा पुन्हा निघाली. या वेळी जाहिरात साध्या, नव्या अक्षरात होती. माझ्या यंत्राने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाचली. मी ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकायची काही गरज नव्हती.

मुलाखतीला अध्यक्ष होतेच. त्यांनी विचारलं, मुलं वर्गात गोंधळ घालतील, तुम्हाला दिसणार कसं? मी म्हणालो, ऐकू येईल, मला बरंच ऐकू येतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना खोकला आला. मला जागा मिळाली. वर्गावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा काय वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. ते माझं आहे आणि त्यात अध्यक्षांना जागा नाही.

रुजू झाल्यावर मी एक जास्तीचं काम मागून घेतलं. वेबसाइटवर जाणारा प्रत्येक मजकूर आणि प्रत्येक फोटो आधी माझ्याकडून जाईल. समितीच्या शेऱ्यामुळे कुणाला नाही म्हणता आलं नाही. मजकूर मी यंत्राला वाचायला लावतो आणि लिहिणाऱ्याला समोर बसवतो. अध्यक्षांचं नवं मनोगत त्या सपाट आवाजात पहिल्यांदा वाचलं गेलं, तेव्हा कुठलाही अलंकार आवाजाला चिकटत नव्हता. बळीराजा, अश्रू, संकल्प, महामेरू, सगळं किराणा सामानासारखं एकामागून एक येत राहिलं. थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणाले, "हे एवढं लांब काहून आहे?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा, कुठलं काढू. ते एकेक वाक्य काढायला लावत गेले. शेवटी कॉलेजची वेळ आणि फोन नंबर राहिला. लोकांना तेवढंच लागत होतं.

पण माझा आवडता भाग फोटोंचा आहे. नियम साधा आहे: फोटोत काय आहे ते शब्दांत लिहिल्याशिवाय फोटो चढवायचा नाही. मला दिसत नाही, तेव्हा ज्याला फोटो चढवायचा आहे त्याने सांगायचं आणि मी लिहून घ्यायचं. अध्यक्ष मागच्या आठवड्यात एक घेऊन आले. मी विचारलं, काय आहे.

"वृक्षारोपण," ते म्हणाले. "माझ्या हस्ते."

"तुम्ही काय करत आहात?"

"झाडाला हात लावून आहे."

"कॅमेऱ्याकडे पाहत?"

"हो."

"मागे कोण आहे?"

"विद्यार्थी. ओळीनं उभे आहेत."

"ऊन आहे का?"

खुर्ची कुरकुरली. "आहे थोडं."

"तुमच्यावर?"

"माझ्यावर छत्री आहे."

"कोणी धरली आहे?"

मी बोटं कळांवर ठेवून थांबलो होतो. मला घाई नव्हती, पुढचा तास रिकामा होता. शेवटी ते म्हणाले, "एक विद्यार्थिनी."

मी ते लिहिलं आणि यंत्राला वाचायला सांगितलं: अध्यक्ष झाडाला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, विद्यार्थिनीने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली आहे, बाकीचे विद्यार्थी उन्हात उभे आहेत.

ते ऐकून अध्यक्ष म्हणाले, हा फोटो राहू द्या.

मी वर्णन पुसलं, सगळं, आणि विचारलं, "दुसरा कोणता आणला आहे, साहेब?"